पर्सेंटाइल भरघोस, टक्के बेताचे

जूनमध्ये सीईटीचा निकाल लागला की नाशिक रोडला बिटको चौकापासून जेल रोडपर्यंत क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. पोरांचे फोटो, नावं आणि खाली भल्या मोठ्या आकड्यात पर्सेंटाइल. बारावीचे टक्के कुणी छापत नाही. छापले असते तर त्यातल्या कितीतरी फोटोंखाली वर ९६ आणि खाली ६१ अशी जोडी दिसली असती. ज्यांच्या घरात अशी जोडी असते तिथं दोन प्रश्न एकदमच निघतात. एवढ्याशा टक्क्यांवर चांगलं कॉलेज मिळेल का, आणि मिळालंच तर त्याचा खर्च झेपेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण घरं धास्ती घेतात ती त्याचीच. दुसरा खरा अवघड, आणि त्याचा विचार मात्र कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आदल्या रात्री होतो.

पहिला प्रश्न आधी उरकून टाकू. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून इंजिनीअरिंगला प्रवेश घेताना गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीचा उपयोग फक्त उंबरठ्यापुरता. फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय, जो बहुतेकांचा केमिस्ट्री असतो, या तिन्हींत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. राज्यातल्या राखीव, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४०. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. त्या ३०० मधले ८० गुण प्रात्यक्षिकांचे असतात: फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे तीस-तीस, मॅथ्सचे वीस. जर्नल वेळेवर पूर्ण करणारा विद्यार्थी त्यातले बरेचसे पदरात पाडून घेतो. त्यामुळे उंबरठा ओलांडणं बहुतेकांना जड जात नाही. आणि एकदा तो ओलांडला की पीसीएमला ५२ टक्के असलेला आणि ९२ टक्के असलेला, दोघं सारखेच. इंग्रजीत ४० मिळाले म्हणून रडणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं: त्या विषयाचा कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, यादीशी काही संबंध नाही.

अपवाद एकच. दोघांचं एकूण पर्सेंटाइल दशांशापर्यंत सारखं आलं तर आधी मॅथ्सचं, मग फिजिक्सचं, मग केमिस्ट्रीचं पर्सेंटाइल पाहतात, आणि तिथंही बरोबरी सुटली नाही तर बारावीचे गुण उघडतात. तिथवर पाळी क्वचित येते.

हे कायम असंच होतं असं नाही. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षं राज्यानं स्वतःची सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन घेतली होती आणि तिला बारावीच्या पीसीएमची निम्म्याला निम्मी जोड दिली होती. २०१६ला सीईटी परत आली आणि बारावीचं वजन गेलं. केंद्राच्या बाजूलाही तेच घडलं: एनआयटीच्या क्रमवारीत २०१३ ते २०१६ बोर्डाचे ४० टक्के धरत, २०१७पासून तेही थांबलं. मध्यंतरी २०२२मध्ये बारावीला पुन्हा निम्मं वजन देण्याची घोषणा झाली होती, ती प्रत्यक्षात उतरली नाही. तेव्हा थोरला भाऊ २०१५ला इंजिनीअरिंगला गेला असेल तर त्याचा अनुभव धाकट्याच्या कामाचा नाही. काकांचा तर नाहीच.

जिथं टक्के खरोखर आडवे येतात ती दारं वेगळी आहेत. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटी यांना जेईईच्या क्रमांकाबरोबर बारावीला ७५ टक्के लागतात, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं; अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के. कोविडच्या काळात ही अट स्थगित होती, २०२३पासून परत आली. त्यामुळे ६१ टक्केवाल्याला नागपूरचं व्हीएनआयटी बंद, जेईईचा स्कोअर कितीही चांगला असो. इथं पाच विषय धरतात, त्यात एक भाषाही येते. म्हणजे सीईटीला बिनकामाचं ठरलेलं इंग्रजी इथं परत डोकं वर काढतं. ज्याला एनआयटीचं दार उघडं ठेवायचं आहे त्यानं अकरावीतच हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं. बारावीच्या जानेवारीत कळून उपयोग नसतो. गुण सुधारण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसता येतं, पण त्यात बहुतेकदा वर्ष जातं.

ही तफावत पडते कुठून? मुलगा हुशार पण आळशी, हे घरोघरचं निदान मला फारसं पटत नाही. सीईटीत ८० टक्के प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावरच असतात आणि २० टक्के अकरावीच्या. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे. मॅथ्स ज्याला जमतं त्याची निम्मी परीक्षा तिथंच सर होते. बोर्डाला मात्र पायऱ्या लिहायच्या, आकृती काढायची, व्याख्या शब्दाला शब्द उतरवायची, शिवाय भाषेचे पेपर. इंटिग्रेटेड कॉलेजात नाव घालून दोन वर्षं फक्त पर्याय टिपत बसलेल्या मुलाचा हात लिहायला वळत नाही, एवढीच बऱ्याचदा गोष्ट असते. अमेरिकेत याच्या उलट चालतं. तिथं शाळेच्या चार वर्षांचे गुण आधी पाहतात. कोविडनंतर अनेक विद्यापीठांनी प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली होती, आणि एमआयटीनं २०२२मध्ये ती परत सक्तीची केली तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. आपल्याकडं परीक्षेतल्या तीन तासांवर सगळं. बरं की वाईट, हा वाद वेगळा. पण ज्याच्या हातात पर्सेंटाइल आहे त्यानं तूर्त त्याचा फायदा घ्यावा.

आता पैशाकडं वळू. पर्सेंटाइल हे खर्चायचं नाणं आहे आणि ते एकदाच खर्चता येतं. कुणी त्यातून कॉलेजचं नाव घेतं, कुणी शाखा, कुणी फी वाचवतं. तिन्ही एकदम मिळायला ९९च्या वरचं पर्सेंटाइल लागतं. २०२५ला पीसीएम गटाच्या सीईटीला चार लाखांवर विद्यार्थी बसले. ९६ पर्सेंटाइल म्हणजे त्यातले चार टक्के पुढं, म्हणजे सोळा हजारांच्या वर. पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय, तिथलं कॉम्प्युटर, हे खुल्या गटात तिथवर पोचत नाही. पण सोळा-सतरा हजाराव्या क्रमांकाला या राज्यात स्वस्तात चांगलं शिकायची सोय नक्की आहे. ती कुठं आहे ते पाहू.

नाशिक रोडला सामनगाव रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतन आहे, पण ते पदविकेचं. पदवीसाठी जवळची सरकारी कॉलेजं म्हणजे जळगाव, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे महामार्गावर मंचरजवळचं अवसरी खुर्द. अवसरीचं २००९मध्ये सुरू झालं आणि नाशिककर त्याला उगाच दुय्यम समजतात. स्टेशनात उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचल्या तर बाकीचा नकाशाही समोर येतो. तपोवन एक्स्प्रेस संभाजीनगरला नेते, तिथलं सरकारी कॉलेज १९६०चं. तीच गाडी पुढं नांदेडला जाते, तिथं श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्था. भुसावळच्या बहुतेक गाड्यांनी जळगाव. अमरावती एक्स्प्रेसनं अमरावती, १९६४चं कॉलेज. सेवाग्रामनं नागपूर. मुंबईकडं तोंड केलं तर दादरला उतरून माटुंगा, जिथं व्हीजेटीआय आणि आयसीटी शेजारी-शेजारी आहेत. सांगलीचं वालचंद आणि कऱ्हाडचं सरकारी कॉलेज या लाइनीवर नाहीत, पण यादीत हवीतच. वालचंद अनुदानित आहे. यातल्या संगणक शाखा महाग पर्सेंटाइलला जातात. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन बऱ्याच खाली मिळतात. ज्याला कॉम्प्युटरच हवं असं काही नाही, त्याला सरकारी कॉलेजची इलेक्ट्रिकल शाखा हा माझ्या मते या सगळ्या बाजारातला सर्वांत चांगला सौदा आहे.

तरीही सरकारी म्हणजे स्वस्तच, हे गृहीत धरू नका. फी कमी असली तरी होस्टेल आणि मेस आहेच. एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजा म्हणून घेतलेले आहेत. नाशिकच्या एका खासगी कॉलेजची ट्यूशन फी वर्षाला एक लाख आणि विकास शुल्क बारा हजार. सरकारी कॉलेजची एकूण फी तीस हजार, पण राहण्या-जेवण्याचे महिन्याला पाच हजार धरले तर दहा महिन्यांचे पन्नास हजार. म्हणजे खासगी १ लाख १२ हजार, सरकारी ८० हजार. आता खासगी कॉलेजात राज्याची निम्मी ट्यूशन फीमाफी मिळाली की तिथली रक्कम ६२ हजारांवर येते आणि मुलगा रात्री घरी जेवतो. पूर्ण ट्यूशन माफ झाली तर फक्त १२ हजार उरतात. तेव्हा तुलना करायची ती फीची फीशी नको. घरातून वर्षाला एकूण किती जाणार, याची करा.

ही माफी कुठून मिळते? तीन वाटा आहेत. पहिली, जिला सगळे ईबीसी म्हणून ओळखतात ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन फीचा निम्मा भाग शासन भरतं. दुसरी मुलींची. २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्या घरातल्या मुलीला आता खासगी कॉलेजही परवडू शकतं. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती यांच्या सवलती वेगळ्या आणि जुन्या आहेत. ईबीसी, मुलींची माफी आणि पुढं येणारी तिसरी वाट, या तिन्हीकडं एक गोष्ट समान: विकास शुल्क माफीत येत नाही. ते किती आहे ते कॉलेजला लेखी विचारा.

तिसरी वाट टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफी योजनेची, आणि चांगलं पर्सेंटाइल पण बेताची कमाई असलेल्या घरासाठी हीच मुख्य. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा अशा असतात की तिथं ट्यूशन फी घेतच नाहीत. ६० च्या वर्गात तीन, १२० च्या वर्गात सहा. जात पाहत नाहीत, फक्त उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि गुणवत्ता. जागा मोजक्या, त्यामुळे यांचा कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या कटऑफपेक्षा वर असतो. ज्या पर्सेंटाइलला एखाद्या नावाजलेल्या कॉलेजात शेवटची भरल्या फीची जागा मिळाली असती, त्याच पर्सेंटाइलला त्याखालच्या कॉलेजात फुकट जागा मिळते. मी दुसरी घेईन.

पण ती आपोआप मिळत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड वेगळा असतो. त्याच कॉलेजची तीच शाखा यादीत दोनदा दिसते, एकदा साधी आणि एकदा टीएफडब्ल्यूएस, आणि दोन्ही स्वतंत्रपणे भराव्या लागतात. नेहमी घडणारी चूक अशी की साधा कोड वर आणि टीएफडब्ल्यूएसचा खाली. संगणक वरून खाली वाचतो. वरची जागा मिळत असेल तर खालच्याकडं पाहतही नाही. म्हणजे फुकट जागेचा हक्क असलेला मुलगा भरल्या फीच्या जागेवर जाऊन बसतो. २०२५पासून हे आणखी महागात पडू लागलं आहे, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना हाच नियम. फॉर्ममध्ये ३००पर्यंत पसंती भरता येतात. दहाच भरून कुणी स्वतःचे हात बांधून घेऊ नयेत.

मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेल प्रत्येक फेरीनंतर जाहीर करतं. त्या पीडीएफमधली जीओपनएच, एलओपनएस अशी अक्षरं पाहून माणूस गांगरतो. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी राखीव, मधे गट, शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. बारावी नाशिकला केली असेल तर तुमचं विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ धरलं जातं. त्यामुळे पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत नाशिककर एच रकान्यात बसतात, आणि त्या रकान्यात जागा जास्त असतात. जळगाव किंवा अमरावतीकडच्या खासगी कॉलेजांत तोच मुलगा ओ रकान्यात. चुकीचा रकाना पाहून आशा लावणारे आणि आशा सोडणारे, दोन्ही पाहायला मिळतात.

नाशिक रोडची म्हणून एक खास अडचण आहे. इथली कितीतरी घरं नोट प्रेस, सिक्युरिटी प्रेस नाहीतर रेल्वेच्या पगारावर उभी आहेत. जुन्या कायम कामगाराचा वर्षाचा पगार ८ लाखांची रेघ सहज ओलांडू शकतो. नॉन-क्रीमीलेयर मिळालं म्हणजे फीमाफीही मिळेल, असं तिथं अनेकजण धरून चालतात. नॉन-क्रीमीलेयरच्या हिशेबात पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्यात ते येतंच. त्यामुळे आरक्षण मिळतं, शिष्यवृत्ती हुकते. अशा घरानं सवलतीच्या भरवशावर खासगी कॉलेज वर ठेवू नये. त्यांच्यासाठी सरकारी किंवा अनुदानित कॉलेज हाच फी वाचवायचा मार्ग.

दोन सापळे थोडक्यात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला या शिष्यवृत्त्या लागू होत नाहीत. कॅपमधून यावं लागतं. आणि एकाच आवारात, एकाच नावाच्या कमानीखाली संलग्न कॉलेज आणि खासगी विद्यापीठ असे दोन संसार असू शकतात. संलग्न कॉलेजची फी २०१५च्या कायद्यानुसार नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठात मुलींची फीमाफीही नाही. कौन्सेलिंगच्या टेबलावर बसलेला माणूस हे स्वतःहून सांगेलच असं नाही. तुम्ही विचारा.

बारावीचे टक्के विसरून जा, असं मात्र मी म्हणणार नाही. ते चार वर्षांनी परत भेटतात. कॅम्पसला येणाऱ्या अनेक आयटी कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडं ६० टक्के मागतात. ५८ वाल्याला तिथं दार बंद होतं, मग कॉलेज कितीही नावाचं असो. ज्याचे टक्के साठच्या जरा खाली आहेत त्यानं गुणसुधाराचा विचार करावा, किंवा अशी शाखा निवडावी जिची नोकरी त्या रांगेतून जात नाही.

इंजिनीअरिंगपलीकडं परीक्षेवर चालणारी आणि स्वस्त अशी दारं अजून आहेत, फक्त त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. देवळालीची लष्करी छावणी शेजारी असून एनडीएचा फॉर्म भरणारे इथं कमीच. तिथं बारावी उत्तीर्ण असणं पुरतं, टक्क्यांची अट नाही आणि शिक्षणाचा खर्च सरकारचा. मुलींनाही २०२२पासून प्रवेश आहे. गणित मनापासून आवडणाऱ्यासाठी कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था: प्रवेशपरीक्षेवर निवड, ट्यूशन फी नाही आणि वर विद्यावेतन. दिल्ली विद्यापीठात २०२१ला काही अभ्यासक्रमांचा कटऑफ चक्क १०० टक्के होता; २०२२पासून प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतो. राहण्याचा खर्च दिल्लीचा, एवढं मात्र आहे.

राहिलं एक काम. टीएफडब्ल्यूएस असो, ईबीसी असो की मुलींची माफी, सगळ्याची किल्ली तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला आहे, आणि निकालानंतर सेतू केंद्रांवर त्याच्यासाठीच झुंबड उडते. सीईटीचा पेपर झाला त्याच आठवड्यात अर्ज टाका. नियम दर वर्षी थोडे हलतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका एकदा स्वतः वाचा, आणि फॉर्म पक्का करण्याआधी टीएफडब्ल्यूएसचा कोड साध्या कोडच्या वर आहे ना, तेवढं बोट ठेवून तपासा.